दगड एक, भाडेकरू तीन : रत्नागिरीतल्या घरगुती रीफ टँकचं एक प्रकरण

ज्यांची ही रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) पाळायची टाकी, त्यांना इथे नाना म्हणू. नाव आणि वाडी सांगायची नाही, एवढ्या अटीवर त्यांनी सगळं लिहायला परवानगी दिली. वर हेही म्हणाले, "तुझ्या चुका पण लिही हो. माझ्याच एकट्याच्या नको." त्या लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

नाना बँकेतून निवृत्त झाले. रत्नागिरी शहरालगत घर, समुद्र चालत दहा मिनिटांवर. गोड्या पाण्यातले मासे त्यांनी आयुष्यभर पाळले, निवृत्तीनंतर हौस खाऱ्या पाण्याकडे वळली. माजघरात ऊन न येणाऱ्या भिंतीला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. मापाने ती १९० लिटरची. दगड-वाळू वजा करून आणि खालच्या सम्पमधलं, म्हणजे जोडटाकीतलं, पाणी धरून फिरतं पाणी १६० लिटरच्या आसपास. घाण फेसातून काढणारा स्कीमर, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर, निळा-पांढरा एलईडी आणि पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे. पाणी थंड करणारा चिलर नाही. चिलरचा विषय निघाला की काकू आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढतात, म्हणून तो निघत नाही.

टाकीत दोन क्लाउनफिश, डझनभर मशरूम कोरल, तळहाताएवढं एक लेदर कोरल आणि झोआंच्या दोन वसाहती. झोआ म्हणजे बटणाएवढे, एकमेकांना चिकटून उगवणारे पॉलिप, फुलासारखे दिसणारे छोटे जीव. नानांकडे ते साठ होते. साठ म्हणजे मोजून साठ. रोकड मोजण्याची सवय सुटलेली नाही. ही सगळी सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली, कोरलं एका मोठ्या शहरातल्या दुकानातून थर्मोकोलच्या खोक्यात रात्रीच्या बसने आली होती. त्याच दुकानातून मेच्या सुरुवातीला तीन 'पेपरमिंट श्रिंप', छोट्या शोभेच्या कोळंब्या, आल्या. टाकी साफ ठेवतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

दोन गोष्टी मात्र दुकानातून आलेल्या नव्हत्या. पहिली म्हणजे 'फुलं'. लाइव्ह रॉकवर, म्हणजे टाकीतल्या सूक्ष्मजीवांनी भरलेल्या दगडांवर, आपोआप उगवलेली तपकिरी, काचेसारखी पारदर्शक, लांब बोटांची. नानांना ती फार आवडत. फुकट कोरल मिळालं म्हणून ते त्यांना चिमट्याने कोळंबीचा चुरा भरवत. दुसरी गोष्ट म्हणजे एक दगड. मार्चमध्ये अमावास्येच्या उधाणाला ओहोटी खोलवर गेली, तेव्हा भाच्याने तो खडपावरून, किनाऱ्यावरच्या कातळावरून, उचलून आणला होता. त्यावर मातकट रंगाच्या पॉलिपांचा गालिचा होता. "मामा, झोआ विकत कशाला घेता? आपल्याकडे पडलेत," असं म्हणून त्याने तो टाकीत ठेवून दिला.

भाचा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. आपल्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटं नाहीत; पाणी गढूळ, नद्यांचा गाळ, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा. तरी मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आणि २९.१२ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक हे प्रवाळाचं बुडालेलं पठार आहे. आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर, डबक्यांतून, झोआंथिड, म्हणजे झोआंच्या गटातले जीव, तर भरपूर असतात. मधूनमधून दगडी प्रवाळाचे पापुद्रेही असतात. बहुतेक लोक त्यांच्यावर पाय देऊनच पुढे जातात.

अडचण

मेच्या मध्यावर झोआ मिटायला लागले. आधी एका वसाहतीची कड, मग मधले. मग काही दिसेनासेच झाले. लेदर कोरल आक्रसलं, त्यावर मेणासारखी चकाकी आली आणि बोटं आत गेली ती बाहेर येईनात. मशरूम फिके पडले.

तीन आठवड्यांत नानांनी चार उपाय केले. उजेड कमी पडत असेल म्हणून एलईडी ६० टक्क्यांवरून ९० वर नेला. आयोडीनने झोआ फुलतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून रोज थेंब घातले. कॅल्शियमचं द्रावण सुरू केलं, कारण कोरल म्हणजे चुनखडी. आणि रोजचं बाष्पीभवन भरायला समुद्राचं पाणी घालायला लागले. या चौथ्यामागे मे महिन्याचं कारण होतं: विहीर आटलेली, टँकरच्या पाण्यात आरओ मशीनचा फिल्टर चोंदून गेलेला. "समुद्रातल्या जीवांना समुद्राचं पाणी, त्यात काय वाईट?"

यातला प्रत्येक उपाय कुणा ना कुणा कोरलसाठी बरोबर असेलही. नानांच्या टाकीत नेमकं कोण राहतंय, हे मात्र तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. "अरे, माझे झोआ रुसलेत. लेदर तर गेलंच बहुतेक. ये बघू."

पहिली भेट : अर्धवट ओळख

मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्यांच्या टाक्या बघायला जातो. दुपारी तीनला पोहोचलो. ही वेळही माझी पहिली चूक होती, ते नंतर कळलं.

आधी पाणी मोजलं. नानांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या यंत्रावर, ती ३६ आली. समुद्राची ३५ धरतात, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तेव्हा ठीकच. पण माझ्या पिशवीत ३५ चं प्रमाण द्रावण असतं. त्याचा थेंब काचेवर टाकला तर त्यांचं यंत्र ३२ दाखवू लागलं. म्हणजे टाकीतली खरी क्षारता ३९. नाना यंत्र साध्या पाण्यावर शून्याला लावत आले होते. पण शून्यावर बरोबर असलेलं यंत्र पस्तिशीत चुकू शकतं, आणि आपल्याला काम पस्तिशीतच असतं.

हिशेब जुळत होता. पंख्यांमुळे रोज दोनेक लिटर पाणी उडायचं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्याच्या जागी खारं पाणी घातलं की दर लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ वाढतं. नऊ दिवसांत सव्वासहाशे ग्रॅमच्या वर मीठ टाकीत जमा झालं. १६० लिटरमध्ये त्याने क्षारता जवळपास चार अंकांनी चढते.

मग 'फुलं' पाहिली. ती एप्टेशिया होती, म्हणजे एक प्रकारचं समुद्रफूल, ॲनिमोनी. कोरल नव्हेच. डंख मारतं, शेजाऱ्यांना जाळतं, आणि तोडलं तर पायाच्या चिंधीतून नवं उगवतं. मी चाळीसपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. भाच्याच्या दगडावर सगळ्यात दाट होती. नानांचा चेहरा पाहवेना. पाच महिने त्यांनी तण जोपासला होता.

लेदरकडे पाहून मात्र मला हसू आलं. सार्कोफायटन जातीचं लेदर कोरल अधूनमधून मिटून बसतं, अंगावर मेणाचा पातळ थर आणतं आणि शेवाळ-घाण यांच्यासकट तो थर टाकून देतं. कात टाकण्यासारखाच प्रकार. काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पाण्याचा प्रवाह जरा त्याच्यावरून जाऊ द्या, म्हणजे थर लवकर निघेल, एवढंच सांगितलं.

आता माझी मोठी चूक. दगडांच्या सांदीत लाल-पांढरे पाय दिसत होते. "पेपरमिंट आहेत ना? उत्तम. त्या एप्टेशिया खातात. त्यांना राहू द्या." दुकानदाराने सांगितलेलं नाव मी जसंच्या तसं घेतलं, वाकून पाहिलं नाही. भाच्याच्या दगडाकडेही एप्टेशिया मोजण्यापुरतंच पाहिलं. झोआ कमी होण्याचा सगळा दोष क्षारतेवर टाकून मी घरी आलो. त्या दिवशी पॉलिप ४१ होते.

पाण्यापुरता निर्णय

क्षारता उतरवायचे दोन मार्ग होते: एकदम मोठा पाणीबदल किंवा थोडं थोडं गोडं पाणी. एकदम उतरवली की आधीच ताणात असलेल्या पॉलिपांना दुसरा धक्का बसतो. म्हणून रोज चार लिटर टाकीतलं पाणी काढून तेवढंच आरओचं घालायचं ठरलं. चार दिवसांत ३९ वरून ३५ च्या जवळ. आरओ पाणी विकतच्या वीस लिटरच्या जारमधून घेतलं, पण आधी विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून. पहिला जार परत गेला. पिण्याला तो बरा असेल, टाकीला नव्हता.

याच दिवसांत पाऊस आला. नानांनी हौसेने जेट्टीवरून दोन कॅन भरून आणले. क्षारता निघाली २७, आणि पाणी चहासारखं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, काजळी नदी लाल माती घेऊन भाट्याच्या खाडीत उतरते. खडपावरची मूळची जनावरं हे सोसायला घडलेली आहेत, खोक्यातून आलेली नाहीत. ते कॅन मोरीत ओतले. आयोडीन आणि कॅल्शियम बंद केलं. टाकीत एकही दगडी कोरल नसेल, तर कॅल्शियम वापरणारं फारसं कुणी नसतं; पाणीबदलात येतं तेवढं पुरतं. एकही नसेल तर, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

दुसरी भेट : एक टोप, एक बादली

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला गेलो. क्षारता ३५. लेदरवरचा थर निघायला लागलेला. झोआ २७. पाणी सुधारलं आणि पाच दिवसांत चौदा पॉलिप गेले. म्हणजे माझं निदान चुकलं होतं. नाना काही बोलले नाहीत, फक्त वहीतला आकडा दाखवला.

एवढ्यात स्वयंपाकघरातून वाफेचा आवाज आला. गॅसवर लग्नकार्यात वापरतात तसला मोठा टोप, पाणी उकळायला आलेलं. शेजारी बादलीत भाच्याचा दगड. काकू म्हणाल्या, "तूच म्हणालास ना, या दगडावर सगळ्यात जास्त कीड आहे म्हणून? उकळत्या पाण्यात बुडवते, सगळं मरेल. भांडी नाही का आपण निर्जंतुक करत?"

मी आधी गॅस बंद केला, मग कारण सांगितलं. मातकट पॉलिपांचा तो गालिचा पहिल्या दिवशीच नीट पाहायला हवा होता. आता हातमोजे घालून, भिंग घेऊन पाहिला. पॉलिपांच्या अंगात, कातडीत रुतवल्यासारखे वाळूचे कण होते. झोआंथस जातीत असे कण नसतात. पॅलिथोआ मात्र वाळू अंगात कोंबून घेतं, त्यामुळे काडीने दाबलं तर खरखरीत लागतं. दुकानातल्या भाषेत दोघांनाही 'झोआ'च म्हणतात. पण काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ठाऊक असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी हे एक. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआवरूनच ते शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. उष्णतेने ते नष्ट होत नाही. दगड उकळला किंवा वाफेने साफ केला, तर वाफेबरोबर हवेत येतं, आणि त्यातून घरंच्या घरं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत. तोंडात कडू-धातूसारखी चव, धाप, ताप, थंडी, डोळ्यांची आग. त्यावर ठरावीक उतारा नाही, लक्षणांवर उपचार करतात. प्रत्येक पॅलिथोआत ते असतंच असं नाही. पण नुसतं पाहून कळत नाही, आणि स्वयंपाकघर ही प्रयोग करायची जागा नव्हे.

नानांनी दगड उघड्या हातांनी काढला होता. हातावर जखम आहे का विचारलं, नव्हती. साबणाने दोनदा धुवायला लावले, डोळ्यांना हात लावू नका म्हटलं. त्या रात्री काही झालं नाही.

दगड फिरवला तर खालच्या कडेला तिसरा भाडेकरू. बशीएवढा, दगडाला घट्ट चिकटलेला, राखाडी-गुलाबी पापुद्रा. भिंगातून बघितलं तर एकाला एक लागून चार-पाच मिलिमीटरचे कोनेदार खळगे, प्रत्येकात मध्याकडे जाणाऱ्या बारीक भिंती, त्यांच्या कडा पांढऱ्या. जीव आत गेलेला असूनही आकार तसाच. झोआ मिटला की नुसता गोळा उरतो. इथे नक्षी हलत नव्हती, कारण ती चुनखडीची होती. नखाने टोचलं तर टणक. दगडी प्रवाळ. बहुधा स्यूडोसिडेरास्ट्रिया, आपल्याकडे ओहोटीच्या डबक्यांत सापडतं ते. जात नक्की करायला तज्ज्ञ लागेल. कायद्याला तेवढी गरज नव्हती. ते दगडी आहे, एवढं पुरे होतं.

दगडाचं काय करायचं : पर्याय

सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. भाच्याने ओहोटीला सहज उचललेला दगड हा त्या यादीतला निघाला. झोआ आणि मशरूम या नावांत येत नाहीत. पण खडपावरच्या दगडावर कोण कोण चिकटलंय हे उचलणाऱ्याला कळत नाही, आणि हे प्रकरण त्याचंच आहे.

नाना खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उद्या पहाटे जाऊन जिथला तिथे ठेवून येतो. विषय संपला."

वरवर हाच पर्याय सरळ दिसतो. माझा विरोध दोन कारणांनी. तीन महिने तो दगड दुकानातून आलेल्या जनावरांबरोबर एकाच पाण्यात होता. त्यावर एप्टेशिया आहे, न दिसणारं आणखी काय आहे ठाऊक नाही. ते सगळं खडपावर सोडणं म्हणजे एक चूक झाकायला दुसरी मोठी चूक. शिवाय गुपचूप ठेवून आल्याने उचलल्याचा प्रश्न मिटत नाही.

टाकीत तसाच ठेवून गप्प बसणं हा दुसरा पर्याय. काकूंचं मत तिकडे झुकत होतं, "कोण येतंय बघायला?" भाचा उत्साहाने म्हणाला की आता कॅल्शियम घालू, वाढवू. तो या सगळ्यात एकटाच आनंदात होता.

तिसरा, वन खात्याला स्वतःहून कळवणं. नानांना धास्ती होती ती वयाची आणि गावातल्या नावाची. मी आग्रह धरला नाही. निर्णय त्यांचा आणि भाच्याचा होता. एवढंच म्हटलं की अर्ज स्वतः लिहिला, तारखेसकट, तर आपलं म्हणणं आपल्या शब्दांत राहतं. त्यांनी दोन दिवस घेतले. दगड तोवर वेगळ्या टबात, एअरपंप लावून, झाकण घालून.

तिसऱ्या दिवशी नानांनी बँकेतल्या वळणदार अक्षरात दीड पानाचा अर्ज लिहिला आणि नेऊन दिला. माणसं आली, जबाब घेतले, फोटो काढले आणि दगड टबासकट घेऊन गेली. पॅलिथोआबद्दल आणि हातमोज्यांबद्दल मी त्यांना सांगितलं. पुढे अजून काही आलेलं नाही.

रात्रीचे अकरा

त्याच दुसऱ्या भेटीच्या रात्री मी तिथेच जेवलो. नऊला दिवे बंद केले आणि अकरापर्यंत वाट पाहिली. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावला. निशाचर कोळंबीवर्गाला लाल उजेड फारसा जाणवत नाही. काचेला नाक लावून नाना, मी आणि भाचा.

तिन्ही श्रिंप झोआंवर होत्या. एक एक पॉलिप पुढच्या पायांनी धरून, पापडाचा तुकडा मोडावा तसा मोडून तोंडात. शेजारीच एप्टेशिया डोलत होतं, त्याच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. आता वाकून नीट पाहिलं. पाठीला उंटासारखा उंचवटा. डोळे मोठे, गोल. लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपक्यांची जाळी. नाकावरचा काटा चक्क वरखाली हलतो. खऱ्या पेपरमिंटच्या पारदर्शक अंगावर नुसते लाल उभे पट्टे असतात, पांढरे ठिपके नसतात. या 'कॅमल श्रिंप' होत्या, रिंकोसिनेटिस. झोआ आणि मशरूम हे त्यांचं आवडतं खाणं. दोन्ही नावांनी एकच जनावर विकलं जाणं या धंद्यात नवं नाही, आणि दुपारी तीन वाजता सांदीत एकत्र बसलेल्या तीन श्रिंप पाहून मला शंका यायला हवी होती. कॅमल श्रिंप दिवसा तशाच घोळक्याने बसतात.

काकू मागून म्हणाल्या, "कोळंबी ती कोळंबीच. काय नाव ठेवलंत म्हणून खायची थांबेल?"

पुढची कृती

श्रिंप पकडायला प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला आणि आत बाजारातल्या कोळंबीचा तुकडा ठेवला. दोन त्याच रात्री सापडल्या. तिसरीने नऊ दिवस घेतले. तिघी आता खाली सम्पमध्ये आहेत, उरलंसुरलं खातात आणि जाड झाल्यात.

एप्टेशियासाठी चुना. काकूंनी पानाच्या डब्यातला पुढे केला होता. रासायनिकदृष्ट्या गोष्ट तीच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड; पण विकतच्या विड्याच्या चुन्यात आणखी काय असतं ते ठाऊक नसतं, म्हणून टाकीसाठी मिळणारी शुद्ध पूड घेतली. आरओ पाण्यात दह्याएवढी घट्ट कालवायची, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचे, आणि एप्टेशिया आक्रसण्याआधी त्याच्या तोंडावर हळूच थेंब ठेवायचा. पंधरा मिनिटांनी पंप सुरू. चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. एका दिवसात चार-पाचच, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. नानांनी पहिल्याच दिवशी अकरा मारली. पीएच ८.२ वरून ८.६ वर गेला आणि क्लाउनफिश जोराने कल्ले हलवायला लागले. त्यानंतर रोज चार, वहीत खूण करून.

एलईडी दर आठवड्याला दहा टक्क्यांनी खाली आणला. मशरूमना मंद उजेडच मानवतो. सक्रिय कोळशाची पिशवी सम्पमध्ये टाकली. जूनच्या वादळात अकरा तास वीज गेली, बॅटरीवरच्या एअरपंपने निभावलं. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने पंख्यांनी पाणी फारसं उडत नाही आणि गारही होत नाही. रोजची दोन लिटर भर अर्ध्या लिटरवर आली. जुनं माप डोक्यात धरून भर घालत राहिले असते, तर आता क्षारता उलट दिशेला गेली असती.

निकाल

लेदर पहिल्या भेटीनंतर अकराव्या दिवशी पूर्ण उघडलं. झोआ आणखी घसरून २२ वर थांबले, कारण अर्धवट कुरतडलेले काही वाचले नाहीत. ऑक्टोबरअखेर ३८. मशरूमना रंग परत आला, दोन नवीन फुटले. एप्टेशिया तीन दिसतात. म्हणजे दहा असतील.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं सांगतो. पहिली भेट रात्री ठेवली असती, किंवा दुपारी जाऊन रात्रीपर्यंत थांबलो असतो, तर चौदा पॉलिप वाचले असते. कोरल दिवसा एक दिसतं, रात्री दुसरं. आणि त्याला खाणारं तर रात्रीच दिसतं. क्षारतेची चूक सापडल्यावर मला इतकं बरं वाटलं की पुढे शोधणंच थांबवलं. ती चूक खरी होती, तीच एकमेव नव्हती.

दुसरं, मी 'या दगडावर कीड जास्त' असं म्हणून काय करू नका ते सांगितलं नाही. घरात कीड म्हटली की उकळतं पाणी येणारच. आता मी उलट क्रमाने बोलतो: उकळू नका, ब्रशने घासू नका, उघड्या हाताने तोडू नका, आणि मग नाव.

नानांच्या बाबतीत, चार उपाय एकाच महिन्यात केल्यामुळे कशाने काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी आता वहीत प्रत्येक जनावराला एक पान दिलं आहे: नाव, ते कशावरून ठरवलं, दिवसाचा फोटो, रात्रीचा फोटो. 'कशावरून'च्या रकान्यात 'दुकानदाराने सांगितलं' असं लिहिलेलं असेल, तर शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. सध्या अशी चार प्रश्नचिन्हं आहेत, त्यातलं एक मी घातलेलं.

भाच्याला नव्या दगडाची आशा होती. नानांनी त्याला भिंग दिलं आणि खडपावर फक्त बघायला पाठवलं. डबक्यात वाकून त्याने काढलेले फोटो आता माझ्या फोनमध्ये रोज येतात, बहुतेक अस्पष्ट.

पाण्याचीही सोय बदलली. यंदा एप्रिलमध्येच, पाऊस आणि टँकर दोन्ही यायच्या आधी, भरतीच्या वेळी दोनशे लिटरचा ड्रम भरून, गाळून, पडवीत काळोखात ठेवला. बाहेरून खडूने लिहिलं आहे : ३५. मी प्रमाण द्रावणावर यंत्र लावून मोजलं, ३४ भरलं. नानांनी खडू घेतला आणि आकडा खोडला.